हिरवा दिवा आणि झगमगबाई

कुंभकोणमात राहून लोकांची निंदा करायला आमच्या घराइतकी सोय दुसऱ्या कुणालाही नाही.

कारण साधं आहे. आम्ही मराठी. आमचे पूर्वज राजांच्या मागोमाग तंजावरला आले. राजे गेले, आम्ही राहिलो. गावात आम्हाला 'रायर' म्हणतात. उंबरठ्याबाहेर आम्ही तमिळ बोलतो आणि आत मराठी. म्हणजे आमची मराठी, जी ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात. (पुण्याच्या एका पाहुण्यानं माझ्या बायकोला विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही बोलता की बखर वाचता?" त्याला दुसऱ्यांदा कॉफी मिळाली नाही.) लिहितो ती मराठी मी मासिकं वाचून शिकलो. बोलताना मात्र थेट पणजोबांच्या पंगतीत जाऊन बसतो.

अशी भाषा घरात असली की बाहेर तिचा एकच उपयोग उरतो : लोकांच्या तोंडावर लोकांबद्दल बोलणं! नाचियारकोविलच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरून सांडणाऱ्या गृहस्थाबद्दल, लग्नात नवऱ्या मुलाच्या नाकाबद्दल, भाजीबाजारात वांग्याबद्दल आणि वांगीवालीबद्दल. आवाज नेहमीचा ठेवायचा आणि चेहरा नुकतंच देवदर्शन करून आल्यासारखा. आमच्यात सून पसंत करताना मुलीला स्वयंपाक येतो की नाही हे कुणी फारसं पाहत नाही. हसऱ्या चेहऱ्यानं टोमणा मारता येतो का, ते पाहतात. माझी बायको सुमती तिरुविडैमरुदूरची. पहिल्याच भेटीत तिनं माझ्या काकांना चहाबरोबर एक टोमणा असा दिला की काकांना तो घरी पोचल्यावर लागला. मी तिथल्या तिथं होकार दिला.

तर अशा या घरात रेवती वाढली. आमची एकुलती एक. बारावीला उत्तम मार्क पडले. मी वीज खात्यात इंजिनिअर. घरात एक इंजिनिअर असला की दुसरा आपोआप होतो, अशी माझी समजूत होती. एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, मज आवाजाचें शिकायचें अहे."

"कसल्या आवाजाचें?"

"साउंडचें. ध्वनिमुद्रण. चेन्नईंत कोर्स अहे."

"आवाज करायला शिकावें लागतें? तुझी आई न शिकतां करते."

(त्या दिवशी जेवताना सगळ्यांना पापड होता. मला नव्हता.)

खरं सांगायचं तर पोरीच्या कानाची मला कल्पना होती. देवळातला कुठला कर्णा फुटका आहे, हे ती रस्त्यावरून सांगायची. आमच्या विहिरीवरचा पंप ऐकून "अप्पा, बेअरिंग गेलें" असं ती म्हणाली, तेव्हा इंजिनिअर असलेला मी पंपाला कान लावून "सुम्मा, उगीच कांहीतरी सांगूं नको" म्हणालो. चौथ्या दिवशी बेअरिंग गेलं. पण कान चांगले असणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. ही सिनेमा-टीव्हीची दुनिया मला पहिल्यापासून भुरट्यांची वाटत आलेली.

तेवढ्यात आमच्या गावातल्या एका ट्यूशनवाल्यानं जाहिरात लावली : 'यशाचा मंत्र! मनोरंजन आणि माध्यम क्षेत्रातल्या यशस्वी व्यक्ती दहावी-बारावीच्या मुलांना देणार करिअरचा सल्ला!' जागा महामहम तलावाजवळचा कल्याणमंडप. म्हणजे एरवी जिथं लग्नं लागतात, तिथं आता मुलांची डोकी बिघडवण्याचा मुहूर्त होता. साउंडचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याकडे रेवती सुटीत शिकत होती. त्यामुळे त्या दिवशी मशीनवर तीच बसणार होती. आणि मंडपाच्या एसीला वीज पुरेल का हे विचारायला ट्यूशनवाला माझ्याकडे आला, तो जाताना मलाही 'पालक प्रतिनिधी' करून गेला. शेवटी पालकांच्या वतीनं मी एक प्रश्न विचारायचा होता.

मला तर हवंच होतं! मी रेवतीला म्हणालो, "हें बघ. मी त्यांस एकच विचारीन. चांगले मार्क मिळालेल्या मुलीनें तुमच्या धंद्यांत यावें कीं न यावें? एकानें जरी शहाण्यासारखें उत्तर दिलें, तर जा चेन्नईस. नाही दिलें, तर मुकाट्यानें इंजिनिअरिंग."

"सेरि, अप्पा, बरें," रेवती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण शब्दाची पक्की पोरगी. कोर्सला प्रवेश घ्यायचे दिवस संपत आले होते. तिचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

ही अट घालताना मला कसलाच धोका दिसत नव्हता. यशस्वी माणसाला यश कसं मिळालं हे त्याला स्वतःला कधीच ठाऊक नसतं, आणि माइक हातात दिल्याशिवाय ते त्याच्या लक्षातही येत नाही. या लोकांकडून शहाणं उत्तर? कावेरीला उन्हाळ्यात पूर यायची शक्यता जास्त!

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत बसलो. रेवती आली, माझ्या सदऱ्याला इवलासा माइक अडकवला आणि कमरेला एक डबी लावली. डबीवर लाल दिवा लागला होता.

"अप्पा, यास हात लावूं नका. तुमचें नांव पुकारलें कीं मी खूण करीन. तेंव्हा हें बटण वर करा. तोंवर हात नको."

"मज शिकवितेस? जन्म गेला माझा बटणांत."

ती मागं आपल्या मशीनकडे गेली आणि मी डबीकडे पाहिलं. लाल दिवा. आता वीज खात्यात पोरालाही कळतं : सबस्टेशनात लाल दिवा म्हणजे लाइन चालू, हात लावाल तर मराल. हिरवा म्हणजे बंद, निवांत जेवा. हे इंजिनिअरिंग न शिकलेलं पोरगं मला चालू माइक लावून गेलं! मी मनाशी हसलो, बटण वर केलं, हिरवा दिवा लागला आणि मी निर्धास्त होऊन बायकोकडे वळलो.

(हे वाक्य वाचून ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी थोडं जपून ठेवावं. पुढं लागेल.)

व्यासपीठावर तिघंजण होते. आम्ही दोघांनी रिवाजाप्रमाणे त्यांची बारशी आधी उरकून घेतली. पहिला टीव्हीवरच्या मालिकेत सासऱ्याचं काम करणारा. तो 'सासरा'. दुसरा रेडिओवर सकाळी लोकांना उठवणारा. तो 'बडबड्या'. तिसरी बाई निवेदिका. तिच्या साडीवर, कानांत, केसांत, पापण्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं काहीतरी चमकत होतं. सुमतीनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "ही झगमगबाई." झगमगबाईनं पूर्वी कधीतरी मुंबईच्या एका नाचाच्या कार्यक्रमातही तोंड दाखवलं होतं, त्यामुळे तिचे चाहते तिकडेही होते, आणि आजचा कार्यक्रम ती आपल्या चॅनलवरून थेट नेटवर दाखवत होती. ही माहिती ट्यूशनवाल्यानं सुरुवातीलाच दिली. मी ती ऐकली, पण तिचा माझ्याशी काय संबंध?

नाचियारकोविलची उंच पितळी समई मांडली होती. झगमगबाईनं वात लावली. टाळ्या झाल्या. मग तिचा कॅमेरावाला म्हणाला, आलं नाही. वात विझवून पुन्हा लावली. पुन्हा टाळ्या. आता म्हणे उजेड कमी पडला.

"तिसऱ्यानें लावत अहे," सुमती म्हणाली. "देवास वाटेल, वीज गेली-आली, गेली-आली."

"माझ्या खात्यास नांव नको," मी म्हणालो.

सासरा बोलायला उठला. "मुलांनो! मी नववीत शाळा सोडली! घरातून पळालो! बापानं सांगितलं ते कधी ऐकलं नाही, म्हणून आज इथं उभा आहे! धोका पत्करा!" मागच्या रांगांतल्या आया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"अहो, मिशी पाहिलांत कां? चिकटविली अहे."

"मिशी चिकटवितां येते. अक्कल कोठें चिकटविणार?" मी म्हणालो. "आणि हा पळाला, हें सांगतो. याच्या घरच्यांनीं त्या दिवशीं सांजा केला, हें कोण सांगणार?"

मी सहज मागं वळून पाहिलं. मशीनपाशी रेवती कानांवर हेडफोन लावून मान खाली घालून बसली होती. खांदे हलत होते. "रडत अहे बापडी," मी सुमतीला म्हणालो. "डोळे उघडले तिचे. या भुरट्यांच्या नादास लागणार होती." मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, बरं जरा जास्त.

मग बडबड्या. तो एका जागी उभाच राहीना. "झोपू नका, फ्रेंड्स! मी रात्री चारच तास झोपतो! जे आवडतं ते काम करा, मग ते काम वाटतच नाही!"

"ऐकणाऱ्यास वाटतें," सुमती म्हणाली.

"झोप पुरी झाली असती तर निम्मेंच बोलला असता. यास कोणी अंगाई म्हणा रे!"

एवढ्यात बडबड्या बोलता बोलता थेट मोठ्या स्पीकरसमोर गेला आणि हातातल्या माइकमधून अशी एक भयंकर शीळ निघाली की साऱ्या मंडपानं कानांवर हात नेले. पण हात कानांपर्यंत पोचायच्या आत ती थांबली! मी वळलो. रेवतीचं एक बोट मशीनवर होतं. ना धावपळ, ना आरडाओरडा. तिनं नेमका तोच एक आवाज खाली घेतला होता आणि बडबड्याला दोन बोटांनी 'मागं सरका' म्हणून खुणावत होती. तो सरकलाही. असा हात मी ओळखतो. सबस्टेशनात एकाएकी लाइन पडते, दहा घंटा एकदम वाजतात आणि दहाजण ओरडतात. तेव्हा न ओरडता नेमक्या बटणाकडे जाणारा हात मी सबंध नोकरीत फार थोड्यांचा पाहिला. माझा नाही.

"सुमती," मी म्हणालो, "आपली रेवती कामाची अहे गे."

"आतां कळलें?"

"हे भुरटे उत्तर कसलेंही देवोत, धाडून द्यावें म्हणतों चेन्नईस. तिचें काम तें. मज जमलें नसतें इतकें छान केलें. पण इतक्यांत सांगूं नको तीस. डोक्यावर बसेल. चार दिवस रडूं दे, मग मी मोठेपणानें हो म्हणेन."

"तुमचा मोठेपणा पुरे," सुमती म्हणाली, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला. भर मंडपात. आमच्यात असं करत नाहीत.

शेवटी झगमगबाई उठली. तिचा सल्ला एकच होता : "स्वतःसारखे राहा! दुसऱ्यांसाठी जगू नका!" हे वाक्य ती एकदा डावीकडे पाहून म्हणाली, मग कॅमेरावाल्यानं मान हलवली म्हणून केस पुढं घेऊन उजवीकडे पाहून म्हणाली. मुलांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. पहिल्या वेळच्या नीट आल्या नव्हत्या.

"स्वतःसारखी राहिली असती तर ओळखलीच नसती कोणी," मी म्हणालो. "पापण्या तरी हिच्या कां दुकानाच्या?"

आणि इथं बाई बोलता बोलता थांबली. तिच्या हातातल्या फोनकडे पाहून तिचे (दुकानाचे) डोळे मोठे झाले.

"अय्यो! केवढ्या कमेंट! थांबतच नाहीत! पण ही लिपी... हिंदी आहे वाटतं. मुंबईचे माझे फॅन्स! इथं हिंदी कुणाला वाचता येतं?"

कुंभकोणमात भर सभेत हा प्रश्न विचारल्यावर सगळे जसे छताकडे पाहतात, तसे पाहू लागले. मग ट्यूशनवाला ओरडला, "आमच्या रायर सारांना येतं! सार, या, या!"

मी उठलो. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या मंडपात वाचता येणारा मी एकटा! सदरा नीट केला, दिवा हिरवाच आहे ना हे पाहून घेतलं (बंद असलेला बरा!), व्यासपीठावर चढलो आणि फोन हातात घेऊन पहिली ओळ वाचली.

'काका, झगमगबाईंचा दिवा एकदाचा लागला का हो?'

ती हिंदी नव्हती. मराठी होती. मला प्रथम भाषेचा आनंद झाला. मग वाटलं, नावापुढं नाशिक लिहिणाऱ्या कुणा बाईला हे नाव कसं कळलं? ते तर अर्ध्या तासापूर्वी सुमतीच्या तोंडी जन्माला आलं होतं! मी खालची ओळ वाचली. 'मिशी चिकटवितां येते, अक्कल कोठें चिकटविणार – काका, पाय कुठं आहेत तुमचे?' त्याच्या खाली : 'ही बखर रोज किती वाजता असते?' त्याच्या खाली : 'सांजा केला! मेलो! मेलो!'

मी डबीकडे पाहिलं. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. आणि ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना 'बटणाला हात लावण्यापूर्वी विचारा' असं बजावलं, त्याला त्या क्षणी कळलं की जगात सगळ्याच खोक्यांवर हिरव्याचा अर्थ वीज खात्याला विचारून ठरवत नाहीत.

"सार, काय म्हणतायत?" झगमगबाईनं गोड हसून तमिळमध्ये विचारलं.

"म्हणतायत... आपल्या चेहऱ्यावर फार तेज आहे."

टाळ्या!

"आणखी?"

"आपण समई लावलीत, ते सगळ्यांच्या मनात राहिलं." (हे खोटं नव्हतं.)

"आणि आमच्या या सरांबद्दल?"

"सरांची... मिशी आवडली."

सासऱ्यानं नम्रपणे मिशीला हात लावला. पण फोनवर नवीन ओळी धो धो येत होत्या. 'काका थापा मारतायत! मला तमिळ येतं, मी वेल्लोरला शिकलोय!' 'म्हातारा घाबरला!'

म्हातारा! अजून नोकरीत असलेल्या माणसाला! "म्हातारा तुझा बाप," मी दातांत पुटपुटलो. लगेच हसऱ्या चेहऱ्यांची एक रांगच्या रांग फोनवर चढली. मी व्यासपीठावर आल्यामुळे रेवतीनं माझा माइक आता मंडपातही सोडला होता. तिथं कुणाला काही कळलं नाही, पण पहिल्या रांगेतून सुमतीनं मान हलवून मला गप्प राहायची खूण केली. बटण खाली करावं म्हणून मी कमरेकडे हात नेला, तर घाईत डबीच सुटून धोतराच्या घोळात गेली. तिथून ती काढणं चारचौघांत शक्य नव्हतं.

आणि मग कमेंटचा नूर पालटला.

'काका, रेवतीला जाऊ द्या.'

'पोरीला चेन्नईला धाडा.'

'चार दिवस रडवू नका हो तिला. आजच सांगा.'

'आम्ही ऐकलंय. आता फिरायचं नाही.'

कोल्हापूर, लातूर, सोलापूर, कुठून कुठून माणसं तेच लिहीत होती. ज्यांनी माझं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं, ती माझ्या मुलीसाठी माझ्याशी भांडत होती.

"सार, हे काय आहे?" झगमगबाई फोनवर वाकून म्हणाली. "एकच काहीतरी पुन्हापुन्हा येतंय. काय मागतायत ते?"

मी मागं पाहिलं. रेवती उभी राहिली होती. हेडफोन गळ्यात. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. फक्त माझ्याकडे पाहत होती. त्या मंडपात ती लिपी वाचणारा मी एकटा. 'आपल्या बांगड्या कुठं घेतल्या, ते विचारतायत' असं म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. माझा मोठेपणाही वाचला असता. मी तोंड उघडलंही होतं.

"म्हणतायत," मी तमिळमध्ये म्हणालो, "वीज खात्यातल्या इंजिनिअरनं आपल्या मुलीला आवाजाचं शिकायला पाठवावं. आणि..." इथं माझा आवाज जरा फाटला, "इंजिनिअर म्हणतोय, पाठवतो."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. रेवतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुमती पदरानं डोळे पुसायला लागली. आणि झगमगबाईनं, जिचा यात कवडीचा संबंध नव्हता, मला बाजूनं मिठी मारून ओरडून सांगितलं, "बघितलंत? एका बापाचं मन बदललं! स्वतःसारखे राहा!"

कॅमेरावाल्यानं हात वर केला. फोकस हुकला होता.

"सार, तेवढं पुन्हा एकदा म्हणाल? 'पाठवतो' म्हणताना आवाज फाटला ना, तसाच."

मी पुन्हा म्हणालो. वाचकहो, मी पुन्हा म्हणालो, आणि आवाज तसाच फाडला!

घरी आल्यावर मी रेवतीला धरलं. "तूं कानांवर तें लावून बसली होतीस. सगळें ऐकत होतीस. माझा माइक बंद कां नाही केलास?"

"मज काय ठाऊक, अप्पा, तो आवाज नेटवरही जातो तें? मंडपांतला मी बंदच ठेविला होता. आधीं हसूं आवरेना..."

"हसत होतीस? मज वाटलें, रडतेस!"

"मग पाहिलें तर नेटवरचाही चालू. बंद करणार, बटणावर बोट ठेविलें, तोंच तुम्ही आईस म्हणालांत, धाडून द्यावें म्हणतों." ती थांबली. "असें तुम्ही तोंडावर कधींच म्हणत नाही, अप्पा. मग बोट उचलेना."

रात्री जेवताना मी टोमणा न मारता माझ्या ताटातला पापड तिच्या ताटात ठेवला. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

त्यानंतर आमचं हसं महाराष्ट्रभर फिरलं. पुण्याच्या त्या पाहुण्यानं फोन करून वहिनींची आठवण काढली. वहिनींनी फोन घेतला नाही. झगमगबाईला आपला अपमान झाला हे कुणीतरी समजावून सांगितलं म्हणतात. पण तो किती लोकांनी पाहिला हे तिला आधीच समजलेलं होतं, त्यामुळे तो अपमान तिनं स्वतःच पुन्हा दाखवला, खाली गाणं घालून. या लोकांना लाज कशी वाटत नाही, याचा मी अजून विचार करतोय.

रेवती चेन्नईला गेली. माझा प्रश्न विचारायचा राहूनच गेला; शहाणं उत्तर महाराष्ट्रानं दिलं आणि माझा शब्दही त्यानंच पाळून घेतला. आणि दोन महिन्यांत ट्यूशनवाल्यानं नवी जाहिरात लावली : 'यशाचा मंत्र, भाग दोन! माध्यम क्षेत्रातल्या यशस्वी व्यक्ती...' खाली तिसरा फोटो माझा! मी त्याला फाडफाड बोललो. करिअरचा सल्ला द्यायला मी काय बडबड्या आहे? मला काय कळतं त्यातलं? असल्या भुरटेगिरीत मी पाऊल टाकणार नाही!

त्या दिवशी मी नवा सदरा घातला. सुमती म्हणाली, "मिशी राहिली कीं हो चिकटवायची." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रेवतीनं फोन करून बजावलं होतं, "अप्पा, हिरवा म्हणजे चालू." व्यासपीठावर उभा राहिलो. समोर मुलं, मागं त्यांचे आईबाप, बाजूला कॅमेरा. माइक तोंडापाशी आला आणि काय झालं देव जाणे, माझ्या तोंडून निघालं, "मुलांनो, मनाचं ऐका!"

पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसला होता. रेशमाच्या व्यापारातला सौराष्ट्री. आमच्यासारखीच त्यांचीही घरात बोलायची भाषा वेगळी, आणि गावात दुसऱ्या कुणाला ती कळत नाही. देवदर्शन करून आल्यासारखा त्याचा चेहरा होता. ओठ न हलवता तो शेजारी बसलेल्या बायकोला काहीतरी म्हणाला आणि तिनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला. त्यातला एक शब्दही मला कळला नाही. अर्थ मात्र पूर्ण कळला. आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मी खोल श्वास घेतला, डावीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य म्हणालो, "स्वतःसारखे राहा!"

कॅमेरावाल्यानं मान हलवली, म्हणून उजवीकडे पाहून पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा जास्त छान आलं.